लालदिघीचा चौक : डॅलहौसी, बिबादी बाग आणि आपण

रानजाई | रविवार, सकाळी ८:४०

गेल्या महिन्यात पंधरा वर्षांनी कोलकात्याला गेले. हावड्याला मेट्रोत बसले, गाडी नदीच्या खालून गेली आणि पुढच्याच स्टेशनावर पाटी दिसली, 'महाकरण'. माझ्या वेळी हेच अंतर कापायला मिनीबसमध्ये उभ्याने पाऊण तास जायचा. जिना चढून वर आले तर समोर तीच लांबलचक लाल इमारत, तेच तळं. पण कामाचा दिवस असूनही रायटर्स बिल्डिंगसमोरचा, म्हणजे राज्याच्या जुन्या सचिवालयासमोरचा, फूटपाथ मोकळा पडला होता. ते बघून पोटात खड्डा पडला. तेव्हापासून हा धागा काढायचा मनात होतं.

२००५ ते २००९ अशी चार वर्षं मी बँकेच्या बदलीवर तिथे होते. ऑफिस लालदिघी तळ्याच्या अगदी समोर, तिसऱ्या मजल्यावर. सांगलीकडच्या माणसाला शहराचा मुख्य चौक म्हटलं की मंडई, रिक्षा थांबा, मधे पुतळा असं चित्र दिसतं. इथे चौकाच्या मधोमध चांगलं थोरलं तळं, त्याच्याभोवती रस्ता आणि रस्त्यापलीकडे राज्य चालवणाऱ्या इमारती. खिडकीतून पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, साहेबांनी चौक सजवायला तळं खणून घेतलं असणार.

आमच्या विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते. सगळे त्यांना बोडदा म्हणत, म्हणजे थोरले दादा. मी हे बोलून दाखवल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "दीदी, तळं आधीचं. इंग्रज नंतर आले." सावर्ण रायचौधुरी घराण्याची इथे कचेरी होती आणि हे तळं त्यांच्या जमिनीत होतं. १६९८ मध्ये सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीने याच घराण्याकडून १३०० रुपयांना घेतले. दोलयात्रेला, म्हणजे आपल्या होळीला, मंदिरासमोर रंग खेळून लोक याच पाण्यात उतरायचे आणि पाणी लाल व्हायचं, म्हणून लालदिघी, असं बोडदा सांगत. लाल इमारतीच्या प्रतिबिंबाची गोष्टही लोक सांगतात. मला पहिली जास्त आवडते.

कंपनीचा पहिला फोर्ट विल्यम मैदानातला नव्हे. तो इथे होता, तळं आणि नदी यांच्यामध्ये. आज तिथे जीपीओ म्हणजे मुख्य टपाल कचेरी, रिझर्व्ह बँक, फेअर्ली प्लेसची रेल्वे कचेरी आहे. किल्ल्याला आणि वस्तीला पिण्याचं पाणी याच तळ्याचं. म्हणून इंग्रजी कागदांत या जागेचं नाव टँक स्क्वेअर. तळ्याला धरून किल्ला, किल्ल्याला धरून वखारी, चर्च, कोर्ट, कारकुनांची राहण्याची जागा, असा हा चौक वाढला आणि वाढता वाढता हिंदुस्थानच्या राजधानीचा चौक झाला. १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात राजधानी हलवल्याची घोषणा झाली. तरी बंगालचा कारभार इथूनच चालत राहिला. १९४७ नंतरही. डॉ. बिधानचंद्र रॉय, ज्योती बसू, सगळे रायटर्समध्येच बसले. ऑक्टोबर २०१३ मध्ये सचिवालय दुरुस्तीसाठी म्हणून नदीपलीकडे हावड्याला 'नबान्न'मध्ये गेलं, ते अजून तिकडेच आहे.

माझं म्हणणं एवढंच की या चौकात काम चालू राहिलं पाहिजे. त्याला नुसता जुन्या इमारतींचा देखावा करून ठेवू नये. तुमच्यापैकी कोणी तिथे राहिलंय का, कोणाला काय माहीत आहे, सगळं इथे लिहा. आणि हो, या जागेशी आपला मराठी माणसांचा संबंध मला वाटला होता त्याहून कितीतरी जास्त निघाला. ते मी नंतर लिहीन, आधी तुम्ही लिहा.

ताम्हिणी | रविवार, सकाळी ९:२५

वाखूसा (वाचनखूण साठवली). रानजाईताई, फार छान. एक शंका : बिबादी हे काय नाव आहे?

रानजाई | रविवार, सकाळी १०:०२

ताम्हिणी, डॅलहौसी स्क्वेअरचं ते आजचं नाव. बिनय, बादल, दिनेश या तिघांच्या नावांची पहिली अक्षरं. ८ डिसेंबर १९३० ला बिनय बसू, बादल गुप्ता आणि दिनेश गुप्ता हे तिघे साहेबी पोशाखात रायटर्समध्ये शिरले आणि तुरुंगांचा महानिरीक्षक सिम्पसन याला त्याच्या खोलीत गोळ्या घातल्या. राजकीय कैद्यांच्या छळासाठी तो कुप्रसिद्ध होता. मग पोलिसांशी व्हरांड्यात चकमक झाली. बंगालीत तिला 'अलिंद युद्ध' म्हणतात, अलिंद म्हणजे व्हरांडा. बादलने तिथेच विष घेतलं. बिनय पाच दिवसांनी रुग्णालयात वारला. दिनेश वाचला, त्याला ७ जुलै १९३१ ला फाशी दिली. तिघेही विशीच्या आगेमागे. माझा मुलगा तेव्हा त्याच वयाचा होता, त्यामुळे रायटर्ससमोरच्या त्यांच्या पुतळ्यांवरून जाताना माझी मान आपोआप वळायची.

आणखी एक. बंगालीत 'बिबादी' म्हणजे कोर्टातला प्रतिवादी. चौकाच्या ईशान्येला सेंट अँड्र्यूज चर्च आहे ना, तिथे आधी जुनं कोर्ट होतं. १७७५ मध्ये महाराजा नंदकुमारावर खटला चालला तो तिथेच. वॉरन हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणाऱ्या या माणसाला जुन्या दस्तऐवजाच्या बनावटीखाली पकडून फासावर दिलं. बसवर 'बि बा दी बाग' वाचलं की मला हा प्रतिवादी आठवतो.

मोडीवाचक | रविवार, दुपारी १२:१८

उत्तम धागा. मराठी संबंधाचं म्हणालात म्हणून लिहितो. आपल्या छपाईच्या इतिहासाचा एक धागा थेट या चौकात जातो.

रायटर्स म्हणजे कंपनीचे कनिष्ठ कारकून. विलायतेहून सतरा-अठरा वर्षांची पोरं यायची. त्यांच्यासाठी टॉमस लायनने १७७७ पासून ही इमारत बांधायला घेतली. १८०० मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने फोर्ट विल्यम कॉलेज काढलं ते याच पोरांना देशी भाषा शिकवायला, आणि पुढे ते याच इमारतीत भरत असे. तिथे बंगाली आणि संस्कृतसोबत मराठीही शिकवायचे, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरचे मिशनरी विल्यम कॅरी. त्यांच्या हाताशी वैजनाथ पंडित होते. कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापलं गेलं आणि १८१० मध्ये कोश. त्या कोशातले मराठी शब्द मोडीत आहेत, मोडीचे खिळे पाडून छापलेले! मुंबईत मराठी छपाईचा जम बसायच्या कितीतरी आधी, हुगळीच्या काठी.

मी मोडी शिकलो ती पुण्यात, आजोबांच्या दप्तरातली खतं वाचता यावीत म्हणून. मोडीचा पहिला छापील कोश बंगालात झाला हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या भाषेच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकी काही ज्या वर्गांसाठी निघाली, ते वर्ग त्या लाल इमारतीत भरले. तुम्ही तिथे रोज बसत होतात याचा मला हेवा वाटतो.

संत्रानगरी | रविवार, दुपारी २:४०

धागा चांगला आहे, माहिती चांगली आहे, पण शीर्षकात 'डॅलहौसी' पाहून मन खट्टू झालं, ते मोकळेपणाने सांगतो.

मी नागपूरचा. आमच्याकडे महाल भागात अजून भोसल्यांचा वाडा दाखवतात. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि औरस वारस नाही म्हणून १८५४ मध्ये याच गव्हर्नर जनरल डॅलहौसीने नागपूर खालसा केलं. त्याआधी १८४८ मध्ये सातारा. नागपूरच्याच सुमारास झाशी. राण्यांचे अर्ज फेटाळले, हत्ती-घोडे कवडीमोलाने विकले आणि राजवाड्यातले दागिने कलकत्त्याच्या बाजारात नेऊन लिलावात काढले. कलकत्त्याच्या! म्हणजे तुम्ही ज्या चौकाबद्दल लिहिताय त्याच्या आसपासच्याच गल्ल्यांत. आमच्या आजीच्या तोंडी ही गोष्ट अशी असायची, जणू काल-परवाच घडली.

त्या माणसाचं नाव तिथल्या लोकांनी पुसलं, चांगलं केलं. आपण मराठी माणसांनी ते परत का घ्यायचं?

रानजाई | रविवार, दुपारी ३:५५

संत्रानगरीदादा, तुमचं म्हणणं मनाला लागलं. दागिन्यांची गोष्ट माहीत होती, पण ती या चौकाशी जोडून मी कधी बघितली नव्हती.

शीर्षकात नाव घेतलं कारण तिथली माणसं आजही ते घेतात. कंडक्टर ओरडतो 'डालहौसी, डालहौसी', नाहीतर 'बिबादी बाग'. बोडदांच्या तोंडात दोन्ही नसायचं, ते म्हणायचे 'ऑफिसपाडा'. कागदावर बिबादी, बसमध्ये डालहौसी, घरी ऑफिसपाडा. नाव बदलण्याच्या मी विरुद्ध नाही. त्या तिघा पोरांचं नाव त्या जागेला असायलाच हवं. पण जुनं नाव तोंडात राहिलं म्हणजे त्या माणसाला मान दिला असं तिथल्या कोणालाही वाटत नाही. त्यांच्यासाठी तो बसथांबा आहे.

चुनखडी | रविवार, संध्याकाळी ६:३०

आणि त्याच डॅलहौसीच्या काळात रेल्वे, तारायंत्र आणि अर्ध्या आण्याचं टपाल सुरू झालं हेही लिहायला हवं. जीपीओची घुमटवाली पांढरी इमारत १८६८ ची, वॉल्टर ग्रॅनव्हिलची. नागपूरचं दुःख खरं, आणि हेही खरं. इमारतींबद्दल सविस्तर उद्या लिहितो.

गंगेकाठी | रविवार, रात्री ९:१०

मी एकतीस वर्षं कोलकात्यात आहे. भवानीपूरला राहतो, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला हजेरी चुकत नाही. रानजाईताई 'नंतर लिहीन' म्हणाल्या ते काय असणार याचा अंदाज आहे, म्हणून मीच लिहितो.

माझी मुलगी इथे जन्मली. ती तान्ही असताना तिला सांभाळायला येणाऱ्या मावशी जी अंगाई म्हणायच्या, त्यात बाळ झोपलं, गल्ली शांत झाली आणि मग देशात बर्गी आले, असं होतं. पक्ष्यांनी धान खाल्लं, आता सारा कुठून भरू, असं पुढे. मला वर्षभर कळलंच नाही की बर्गी म्हणजे आपण. आपला बारगीर. ज्याचा घोडा सरकारी तो बारगीर, घोडा स्वतःचा तो शिलेदार, हे शाळेत शिकलो होतो. तोच शब्द इथे मुलांना झोपवायला भीती म्हणून वापरतात.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले. पश्चिम बंगालातून लोकांचे लोंढे नदी ओलांडून कलकत्त्याच्या बाजूला आले. तेव्हा लालदिघीच्या किल्ल्यातल्या कंपनीच्या परवानगीने आणि तिच्याकडून पैसे उचलून इथल्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. उत्तरेला बागबाजारपासून सुरुवात करून साधारण तीन मैल खणला, तोवर मराठे शहराकडे फिरकलेच नाहीत, आणि काम थांबलं. त्याचं नाव मराठा डिच. पुढे तो बुजवून तिथून सर्क्युलर रोड गेला. म्हणजे आजच्या एपीसी (आचार्य प्रफुल्लचंद्र) रोडवरून बस धावते ती आपल्या धास्तीने खणलेल्या खड्ड्याच्या मार्गावरून.

सांजवारा | सोमवार, सकाळी ७:५०

गंगेकाठी काका, आदर ठेवून असहमती. चौथ हा ठरलेला हक्क होता, बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने तो नाकारला आणि युद्ध झालं. त्या काळी सगळ्याच फौजा मुलूख लुटायच्या. अंगाईत मराठेच का आले? हा चित्रणाचा प्रश्न नाही का? आपल्या लोकांना लुटारू म्हणणं मला पटत नाही.

गंगेकाठी | सोमवार, सकाळी ८:३५

सांजवारा, तुमच्या वयाचा असताना मीही इथल्या मित्रांशी असाच भांडलो आहे. मग एकाने गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' माझ्या हातात ठेवलं. नाव बघून आनंद झाला. हे बंगाली काव्य आहे, १७५१ च्या सुमाराचं, घटना ताज्या असताना लिहिलेलं. गावं कशी जाळली, पळणाऱ्या लोकांत कोण कोण होतं, कोणाच्या डोक्यावर काय ओझं होतं, पोथ्या घेतलेले ब्राह्मण, तराजू घेतलेले सोनार, आणि बायकांवर काय ओढवलं, ते सगळं त्यात आहे. मी ते वाचून दोन दिवस कोणाशी बोललो नाही. हे इंग्रजांनी रचलेलं नाही. ज्यांची घरं गेली त्यांच्यातल्याच एकाने लिहिलंय.

चौथाईचा हिशेब कागदावर बरोबर असेल. पण ती ज्याच्या शेतातून वसूल झाली त्याच्या नातवंडाला झोपवणारी बाई काय गाणार?

संत्रानगरी | सोमवार, सकाळी ११:०५

रघूजी आमचे, त्यामुळे मला बोललंच पाहिजे.

दोन्ही बाजू पूर्ण मांडू. १७४४ मध्ये अलीवर्दीने भास्करपंतांना आणि सरदारांना तहाच्या बोलण्यासाठी मनकऱ्याला बोलावलं आणि तंबूत कापून काढलं. हा दगा होता. त्यानंतर रघूजी स्वतः आले आणि १७५१ च्या तहात ओडिशा आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथ पदरात पाडली. आम्ही लहानपणी फक्त एवढंच ऐकलं, दगा आणि सूड. गंगाराम आम्हाला कोणी सांगितला नाही. सांगायला हवा होता. काल मी दागिन्यांच्या लिलावाबद्दल जे लिहिलं, तेच दुःख वर्धमानच्या सोनाराचं होतं, आणि तराजू घेऊन पळायला लावणारे आमचे होते. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण लिहितो.

मोडीवाचकजी, श्रीरामपूरच्या त्या पहिल्या मराठी पुस्तकांत भोसल्यांची वंशावळही होती ना? मला वाचल्याचं आठवतंय.

मोडीवाचक | सोमवार, दुपारी १:२०

होय. 'रघुजी भोसल्यांची वंशावळी'. खंदकानंतर सत्तरेक वर्षांनी, त्याच शहराच्या आसऱ्याने. तेव्हा नागपूरचं राज्य अजून उभं होतं.

सांजवारा | सोमवार, दुपारी ४:४५

गंगेकाठी काका, संत्रानगरी, तुम्ही दोघांनी लिहिलेलं वाचून मी 'महाराष्ट्र पुराण' शोधायला घेतलंय. वाचल्यावर बोलेन. एक मात्र जोडतो. याच बंगालात पुढे सखाराम गणेश देऊस्करांनी, मराठी घरातला माणूस, बंगालीत लिहिणारा, शिवाजी उत्सव रुजवायला हातभार लावला. रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजी महाराजांवर कविता लिहिली. बर्गी म्हणणाऱ्यांनीच महाराजांना आपलं मानलं, हे मला फार मोठं वाटतं.

रानजाई | सोमवार, रात्री ८:१५

सगळ्यांचे आभार. मी 'नंतर लिहीन' म्हटलं होतं ते गंगेकाठींनी माझ्यापेक्षा चांगलं लिहिलं. ऑफिसात नवी असताना एका मुलीने मला सहज विचारलं होतं, "तुम्ही बर्गींच्या देशातल्या ना?" तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. मला मात्र उत्तर सुचलं नव्हतं. आता सुचेल.

चौकाकडे परत येते. खंदक ज्यांच्यासाठी खणला ते आलेच नाहीत. १७५६ च्या जूनमध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला आला आणि अर्धवट खंदकाचा काही उपयोग झाला नाही. लढाई लालदिघीच्या भोवती झाली. तळ्याकाठच्या घरांतून नवाबाच्या सैनिकांनी किल्ल्यावर मारा केला. किल्ल्यासमोरचं सेंट अ‍ॅन चर्च गेलं, त्याच जागेवर पुढे रायटर्स उभं राहिलं. २० जूनच्या रात्रीची ती अंधारकोठडी याच किल्ल्यातली, सुमारे अठरा फूट लांब आणि पंधरा फूट रुंद. तिथे कोंडलेल्या कैद्यांतून वाचलेला कंपनीचा अधिकारी हॉलवेल म्हणाला, १४६ जण कोंडले आणि १२३ मेले. एवढ्या जागेत एवढी माणसं मावतात का, इथपासून इतिहासकारांनी त्या आकड्यांवर शंका घेतली आहे. माणसं मेली हे खरं, आकडा फुगवलेला असावा असं मलाही वाटतं. पण त्या आकड्यावर पुढची दीडशे वर्षं राज्याचं समर्थन उभं राहिलं.

हॉलवेलने उभारलेला स्तंभ १८२१ मध्ये काढून टाकला होता. कर्झनने १९०२ मध्ये संगमरवरात तो पुन्हा उभा केला, चौकाच्या वायव्य कोपऱ्यात, रायटर्सच्या दारात म्हणा ना. जुन्या किल्ल्याच्या भिंती कुठे होत्या ते दाखवायला जमिनीत पितळी पट्ट्याही बसवून घेतल्या. १९४० मध्ये सुभाषबाबूंनी हा स्तंभ हटवायची चळवळ हाती घेतली. ३ जुलैला सिराजउद्दौला दिन पाळून मोर्चा न्यायचा ठरलं, हिंदू आणि मुसलमान तरुण एकत्र. सरकारने सुभाषबाबूंना आदल्याच दिवशी पकडलं. तरी चळवळ थांबली नाही आणि स्तंभ हलवावा लागला. तुरुंगात त्यांनी उपोषण केलं, डिसेंबरात सुटका झाली, आणि जानेवारी १९४१ मध्ये ते घरातून निसटले ते परत आले नाहीत. म्हणजे देशात त्यांनी लढलेला शेवटचा लढा या चौकाच्या एका कोपऱ्यासाठी होता.

स्तंभ फोडला नाही. जवळच सेंट जॉन्स चर्चच्या आवारात ठेवलाय, झाडांखाली, कलकत्त्याचा संस्थापक म्हणतात त्या जॉब चार्नॉकच्या कबरीच्याच आवारात. मी दुपारच्या सुट्टीत तिथे डबा खायला जायचे. चौकातून काढला पण नाहीसा केला नाही, हे मला तेव्हाही योग्य वाटलं, आजही वाटतं.

चुनखडी | मंगळवार, सकाळी १०:४०

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, चुन्याचं. त्यामुळे थोडं सविस्तर.

या चौकाचं सगळ्यात शिकवणारं घर म्हणजे आग्नेयेची करन्सी बिल्डिंग. १८३३ ची, आधी आग्रा बँक, १८६८ पासून सरकारी चलन कार्यालय. १९९६ मध्ये सरकारी बांधकाम खात्याने ती पाडायला घेतली. मधल्या दालनावरचे तीन घुमट गेले. मग महापालिका आणि वारसा जपणारी संस्था इनटॅक मधे पडले आणि पाडकाम थांबलं. २००२ मध्ये पुरातत्त्व खात्याने ती संरक्षित केली. खात्याने वर्षानुवर्षं काम करून ती उभी केली, पण घुमट परत 'जुन्यासारखे' केले नाहीत. मधलं दालन उघडंच ठेवलं, आता ते आकाशाखालचं अंगण आहे. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो. २०२० पासून तिथे प्रदर्शनं भरतात.

डॅलहौसी इन्स्टिट्यूट इतकी नशीबवान नव्हती. ती पाडून तळ्याच्या दक्षिणेला टेलिफोन भवन आलं. जागतिक स्मारक निधीने २००४ आणि २००६ अशी दोनदा हा अख्खा चौक धोक्यातल्या वारशाच्या यादीत घेतला होता, तो उगीच नाही.

रायटर्सचं मात्र माझं मत रानजाईताईंपेक्षा वेगळं आहे. तिथे मागच्या अंगणांत दशकानुदशकं नवे ब्लॉक कोंबले, प्रत्येक व्हरांड्याला लाकडी फळ्या मारून खोल्या काढल्या, फायलींचे ढीग, वायरींचं जाळं. सरकारी काम परत आणलं तर दहा वर्षांत पुन्हा तेच होईल. दर्शनी दीडशे मीटरची इमारत संग्रहालय आणि अभिलेखागार म्हणून लोकांना उघडी करावी.

रानजाई | मंगळवार, दुपारी १२:१०

चुनखडी, तुम्ही हाताने काम करणारे, तुमच्यापुढे मी काय बोलणार. फळ्या आणि वायरी मीही पाहिल्यात. पेन्शनच्या एका कामासाठी गेले होते, तेव्हा व्हरांड्यात कपाटांमधून आडवं होऊन चालावं लागलं होतं.

तरी माझं मत तेच. सकाळी साडेनऊला त्या चौकात काय असायचं सांगते. फेअर्ली घाटावर लाँचमधून माणसं उतरायची. लालबाजारकडून ट्राम यायची. दहाच्या आत रस्त्याकडेला चुली पेटलेल्या. लुची-आलूदम, घुगनी, मुढी, केळीच्या पानावर भात-माछ, कापलेली फळं, डेकर्स लेनमध्ये पावाबरोबर पातळ स्टू. फूटपाथवर टाइपरायटर घेऊन बसलेले लोक, अर्ज लिहून देणारे, स्टँप विकणारे. मेदिनीपूर, पुरुलियाहून पहाटे निघालेला माणूस हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत अर्ज घेऊन रायटर्सची दारं शोधत असायचा. ती माणसं म्हणजे तो चौक. अडीचशे वर्षांत मालक बदलले, पण अर्ज घेऊन येणारा माणूस यायचा थांबला नव्हता. २०१३ नंतर तो नदीपलीकडे गेला, आणि त्याच्या मागे चुलीही.

एक गोष्ट विशेष सांगते. आमच्या इमारतीखाली एक मावशी भाताचं दुकान लावायच्या. या वेळी त्यांना शोधलं. जागेवर त्यांची सून होती. म्हणाली, पूर्वी रोज दोन पातेली भात जायचा, आता एक संपायला तीन वाजतात. संग्रहालय जरूर करा, अर्ध्या इमारतीत करा. पण दोन-चार खाती तरी परत आणा, ज्यांच्याकडे सामान्य माणसाचं काम असतं अशी. आणि त्यांना कपाटं भरू देऊ नका, ते तुमच्यासारख्यांनी बघावं.

चुनखडी | मंगळवार, दुपारी १२:५०

खालचा मजला लोकांच्या कामाचा, वर अभिलेखागार, व्हरांडे मोकळे. हे बांधणीच्या दृष्टीनेही जमेल. भाताच्या पातेल्यांचा विचार मी केला नव्हता.

ताम्हिणी | मंगळवार, रात्री ९:३०

मी आणि बाबा पुढच्या महिन्यात जातोय. दोन तास मिळतील. काय बघू? बाबांना जास्त चालवत नाही.

गंगेकाठी | मंगळवार, रात्री १०:०५

ताम्हिणी, कामाच्या दिवशी जा, रविवारी नको, रविवारी सगळं बंद. हावडा स्टेशनावरूनच मेट्रो धर, महाकरणला उतर. आधी लालदिघीच्या काठाने सावकाश चाला, बाबांना कुठेतरी टेकता येईल. मग जीपीओच्या पायऱ्या. तिथे खाली बघ, पितळी पट्टी दिसेल. तीच जुन्या किल्ल्याची हद्द, कर्झनने बसवलेली. लोक तिच्यावरून पाय देऊन स्पीड पोस्ट करायला जातात. मग करन्सी बिल्डिंगचं अंगण. बाबा दमले नसतील तर सेंट जॉन्स. घरी जेवायला या, भवानीपूर लांब नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

संत्रानगरी | पाच आठवड्यांनंतर, शुक्रवार, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. कामानिमित्त कोलकात्याला आलोय, आज चौक पाहिला. रायटर्ससमोर त्या तिघांच्या पुतळ्यांपाशी उभा राहिलो. कंडक्टरला 'बिबादी बाग' म्हटलं, तो म्हणाला 'डालहौसी तो?', मी हो म्हटलं. रानजाईताई, तुम्ही लिहिलं होतं तसंच. तुमच्या मावशींची सून भेटली का ते सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगितलेल्या बाजूला पानावर भात-माछ खाल्लं. पावणेतीन वाजले होते, पातेल्यात अजून भात होता.

मग बागबाजारला गेलो. तिथे अजून 'मराठा डिच लेन' नावाची गल्ली आहे. अरुंद, दोन्ही बाजूंना घरं, एका ओट्यावर दोघे म्हातारे कॅरम खेळत होते. त्यांतल्या एकाने विचारलं, कुठून आलात. मी म्हटलं, नागपूर. त्यांनी गल्लीच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सरकून ओट्यावर जागा केली. चहा मागवला. मी त्यांना विचारलं, ती अंगाई येते का. एकाने म्हणून दाखवली, सगळी, शेवटपर्यंत.

गंगेकाठी, उद्या सकाळी महाराष्ट्र निवासात असाल का? भेटायचं होतं.